पंचवीस किलोमीटरचा हिशोब: सरावासाठी मुलांनी रोज मोठ्या शहरात जावं का?

अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या मैदानावरच्या मल्लखांबावर सरसर चढते. साधी अढी झाली, दसरंग झाला, वेलही जमायला लागला. तालुक्याच्या स्पर्धेत तिचा नंबर येतो. मग जिल्ह्याच्या स्पर्धेत नाशिकच्या मुलींची कामगिरी दिसते. त्यांची उडी उंच, आसन स्थिर आणि पायाचे पंजे शेवटपर्यंत ताणलेले. घरी परतताना कुणीतरी म्हणतंच, "हिला नाशिकला घातलं पाहिजे." दिंडोरीहून नाशिक सुमारे २५ किलोमीटर. एवढं अंतर लोक नोकरीसाठी रोज कापतात, मग पोरीनं सरावासाठी का कापू नये?

हा प्रश्न अनेक खेळांत आणि अनेक देशांत पालकांसमोर येतो. आयपीएलमुळे चिअरलीडिंग म्हटलं की आपल्याला सीमारेषेवरचा नाच आठवतो. पण त्याचं स्पर्धात्मक रूप म्हणजे कोलांट्या, हवेत फेकून झेलणं आणि मानवी मनोरे यांचा अवघड सांघिक खेळ. त्याच्या जागतिक संघटनेला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं पूर्ण मान्यता दिली. अमेरिकेतल्या पालकांपुढेही हाच पेच असतो: गावातली छोटी जिम बरी, की तासाभराच्या अंतरावरची मोठी? आपल्याकडे या जातीचा खेळ म्हणजे मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स. मल्लखांबाचा आता 'खेलो इंडिया'त समावेश झाला आहे आणि २०२१ मध्ये हिमानी परब यांना या खेळासाठी अर्जुन पुरस्कारही मिळाला. त्यामुळे 'पुढे जायचं तर शहर गाठा' असं वाटणं स्वाभाविक आहे. मात्र निर्णय घेण्याआधी शरीर कसरत शिकतं कसं, हे समजून घेतलं, तर या २५ किलोमीटरांचा खरा हिशोब मांडता येतो.

मोठ्या केंद्रात नेमकं काय मिळतं?

पहिली गोष्ट सुरक्षितता, आणि ती मोजता येते. मल्लखांब जमिनीपासून साधारण अडीच मीटर उंच असतो. त्याच्या मध्यावरून, म्हणजे सव्वा मीटरवरून मूल पडलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर असतो. वेग जागा कुठलीही असली तरी तेवढाच असतो. फरक पडतो तो शरीर किती अंतरात थांबतं यामुळे. कडक जमिनीवर पातळ सतरंजी असेल आणि शरीर जेमतेम अडीच सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी धक्का वजनाच्या सुमारे ५० पट बसतो. तेच शरीर जाड गादीत २५ सेंटिमीटर रुतत थांबलं, तर धक्का पाच-सहा पटींवर येतो. पडणारं मूल तेच आणि उंचीही तीच, पण दहापट कमी मार. उडी मारून उतरताना गुडघे वाकवायला शिकवतात ते याचसाठी, थांबण्याचं अंतर वाढावं म्हणून.

याचा अर्थ सरळ आहे. साध्या अढीसाठी किंवा आसनांच्या तयारीसाठी गावातली साधनं पुरतात. उंचावरून सुटणाऱ्या उड्या आणि हवेतली कोलांटी शिकायची, तर जाड गाद्या आणि आधाराला उभा राहणारा जाणकार माणूस हवाच. ते जिथे नाही तिथे ती कसरत शिकवूच नये, मग मूल कितीही हुशार असो.

दुसरी गोष्ट शिक्षकाची नजर. अनुभवी प्रशिक्षकाला चूक कुठे दिसली यापेक्षा ती कुठून सुरू झाली हे कळतं. उडी वाकडी पडते, पण बिघाड मल्लखांब सोडायच्या आधी खांद्यात झालेला असतो. तिसरी गोष्ट सोबतीची. आपल्यापेक्षा थोडं पुढे असलेलं मूल धडपडत शिकताना पाहणं, हेही शिकणंच असतं. निष्णात खेळाडूकडून योग्य कृती कशी दिसते ते कळतं, तर शिकाऊ सोबत्याकडून चूक कशी सुधारायची ते कळतं.

तास नव्हे, नंबर मोजा

आता दुसरी बाजू. दीड तासाच्या बॅचमध्ये सुरुवातीचा व्यायाम आणि शेवटचं ताणणं यात अर्धा तास जातो. उरला एक तास. समजा मोठ्या केंद्रात तीन मल्लखांब आहेत आणि बॅचमध्ये २० मुलं. प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष खांबावर मिळाली नऊ मिनिटं. गावात मल्लखांब एकच, पण मुलं सहा. तिथे मिळाली दहा मिनिटं. म्हणजे मोठी जागा, मोठं नाव आणि भिंतीभर ढाली असूनही मुलीच्या वाट्याला गावापेक्षा जास्त सराव आलाच नाही.

म्हणून चौकशीला जाल तेव्हा 'बॅच किती तासांची?' एवढं विचारून थांबू नका. एक पूर्ण बॅच कडेला बसून पाहा. एका मुलाचा नंबर किती वेळा लागतो, आणि त्यातल्या किती वेळा शिक्षक त्याला काही सुधारून सांगतात, हे मोजा. सुधारणेसह झालेले प्रयत्न हेच शिकण्याचं खरं माप आहे. हा आकडा गावापेक्षा ठळकपणे जास्त असेल, तरच प्रवासाचा विचार करण्यात अर्थ आहे.

शरीर कसरत कशी शिकतं?

डोक्याच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला लहान मेंदू असतो. आपण हालचाल करतो तेव्हा ती कशी होणार याचा अंदाज मेंदूनं आधीच बांधलेला असतो. प्रत्यक्षात काय झालं याची खबर स्नायू, सांधे, डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग देतात. अंदाज आणि प्रत्यक्ष यातली तफावत लहान मेंदू टिपतो आणि पुढच्या प्रयत्नाची आज्ञा किंचित बदलतो. दसरंग पन्नास वेळा घातल्यावर 'अंगात बसतो' म्हणजे ही तफावत हळूहळू मिटते.

इथे थकव्याचा मुद्दा येतो. दमलेल्या शरीराकडून चुकीची हालचाल होते, आणि चुकीची हालचाल पुन्हा पुन्हा केली की तीही तितक्याच इमानानं पक्की होते. त्यामुळे एकाच दिवशी सराव रेटण्यापेक्षा तो थोडा थोडा विभागून केलेला बरा. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. तेवढंच पाणी पाटानं एकदम सोडलं तर बरंचसं वाया जातं, आणि ठिबकनं रोज दिलं तर मुळाला लागतं.

याचा एक जुना आणि नेटका पुरावा आहे. १९७८ मध्ये ॲलन बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवण्याचा प्रयोग मांडला. काहींना रोज एक तास शिकवलं, तर काहींना दिवसातून दोनदा दोन-दोन तास. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कौशल्य यायला एकूण तास कमी लागले. गंमत अशी की सर्वांत कमी समाधानी तेच होते, कारण दिवसांच्या हिशोबानं आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. पालकांचंही असंच होतं. मूल घामाघूम होऊन उशिरा घरी आलं की भरपूर शिकून आलं असं वाटतं. घाम किती गाळला आणि शिकलं किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झोपेत चालणारा सराव

शिकण्याचा एक मोठा टप्पा सरावानंतर, झोपेत पार पडतो. २००२ मध्ये हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकवलं. सकाळी शिकलेल्यांची संध्याकाळी चाचणी घेतली, तर प्रगती नगण्य होती. रात्री शिकून झोपलेल्यांचा वेग मात्र सकाळी सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता, आणि मधल्या वेळेत त्यांनी एकदाही सराव केला नव्हता. दिवसा गिरवलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. हे आकडे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दिले आहेत. झोप कमी पडली तर केवळ शिकणं मंदावतं असं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट आढळली. मल्लखांबावर उलटं लटकणाऱ्या मुलीसाठी क्षणभराची गफलत किती महाग पडते, हे सांगायला नकोच.

वाढती हाडं आणि आठवड्याचे तास

मुलांची हाडं लांबीनं वाढतात ती टोकांजवळच्या एका मऊ पट्टीतून. तिला वाढपट्टी म्हणू. हा भाग कूर्चेचा, म्हणजे पक्क्या हाडापेक्षा कमजोर असतो. उंची झपाट्यानं वाढण्याच्या वयात हाड पुढे पळतं आणि स्नायू व त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात. त्यात उड्यांचा मारा झाला, तर गुडघ्याच्या खाली किंवा टाचेच्या मागे दुखू लागतं. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांवर वजन घेतल्यानं मनगटातल्या वाढपट्टीवर ताण येतो. 'वाढीचं दुखणं आहे, जाईल' म्हणून सराव तसाच रेटू नये. एकाच जागी, दोन आठवड्यांहून जास्त काळ दुखत असेल, तर विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं.

मग सराव किती असावा? शिकागो परिसरातल्या सुमारे १,२०० बालखेळाडूंवर नीरू जयंती आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून हाताशी ठेवण्याजोगी एक खूण मिळाली: आठवड्यातले शिस्तबद्ध सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले की अतिताणाच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला आठवड्याला फार तर अकरा तास. मैदानावरचं मोकळं खेळणं यात धरलेलं नाही, आणि ते कमीही करायचं नाही.

रस्त्याचं गणित

आता हे सगळं दिंडोरीच्या रस्त्यावर आणून ठेवू. धरून चाला, शाळा पाचला सुटते. पाच वीसची गाडी, ढकांबे आणि म्हसरूळ मागे टाकत निमाणी, आणि साडेसहाला सराव सुरू. आठला सराव संपला, मग पुन्हा गाडीची वाट, सव्वानऊला घर. जेवण आणि गृहपाठ उरकून अंथरुणाला पाठ टेकायला पावणेअकरा. सकाळी सहाला उठायचं. झोप झाली सव्वासात तास, आणि या वयाची गरज किमान नऊ.

आठवड्याचे पाच दिवस असं केलं, तर रस्त्यात आणि गाडीची वाट पाहण्यात जातात सुमारे १२ तास. प्रत्यक्ष सराव होतो साडेसात तास. अकरा वर्षांच्या मुलीनं आठवड्याला जास्तीत जास्त जितका सराव करावा, त्याहून जास्त वेळ ती नुसती प्रवासात घालवते. आणि हा झाला सगळं सुरळीत चालल्याचा हिशोब. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात हाच रस्ता वणीमार्गे सप्तशृंगगडाकडे निघालेल्या भाविकांनी भरतो. द्राक्षाच्या हंगामात मालाच्या गाड्यांची गर्दी असते. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून पुढे घरातल्या मोठ्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मग मुलीला सोडायला आणि आणायला कोण जाणार? हा प्रश्न ऑक्टोबरात विचारण्याऐवजी जूनमध्येच विचारलेला बरा.

खर्चाचंही तसंच. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई सोबत जाणार असेल तर भार थोडा हलका होतो. पण आईच्या रोजच्या तीन-चार तासांची किंमत कुठल्याच तिकिटावर छापलेली नसते. घरातल्या दुसऱ्या मुलाच्या वाट्याचा वेळही यातूनच जातो.

खाण्याकडेही लक्ष हवं. शाळेतलं दुपारचं जेवण आणि सराव यांत पाच-सहा तास जातात. रिकाम्या पोटी सराव म्हणजे थकवा आणि थकवा म्हणजे चूक. गाडीत बसल्यावर केळं, शेंगदाण्याचा लाडू, गूळ-पोळी असं काही खाल्लं, आणि परतीच्या वाटेवर डब्यातलं जेवण उरकलं, तर घरी पोचून झोपेची वेळही थोडी अलीकडे आणता येते.

लहान गाव म्हणजे मागे पडणं?

मनात खोल बसलेली भीती हीच असते. पण अभ्यास काही वेगळं सांगतो. २००६ मध्ये कॅनडाचे जाँ कोते आणि सहकाऱ्यांनी आइस हॉकी, बास्केटबॉल, बेसबॉल आणि गोल्फच्या व्यावसायिक खेळाडूंची जन्मगावं तपासली. पाच लाखांहून कमी वस्तीच्या गावांतून आलेले खेळाडू लोकसंख्येच्या मानानं अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. मोकळी जागा, सुरक्षित रस्ते, वेगवेगळ्या वयाच्या मुलांबरोबर खेळणं आणि ओळखीची माणसं यांचा यात वाटा असावा, असं संशोधकांचं म्हणणं. गावातली पहिली काही वर्षं म्हणजे वाया गेलेली वर्षं नव्हेत.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. धावपटू कविता राऊत त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या. दम तयार झाला तो तिथल्या चढउतारांवर. नंतर त्यांची शास्त्रशुद्ध तयारी नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे झाली, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, तर ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आलं. गाव आणि शहर, दोघांनी आपापल्या वेळी आपापलं काम केलं.

मल्लखांबाची तर परंपराच या भागाशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात निजामाकडून आलेल्या मल्लांचं आव्हान बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारलं, तयारीसाठी ते पुण्याहून सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि तिथे त्यांना ही विद्या सुचली, अशी कथा व्यायामशाळांमधून आजही सांगितली जाते. कथेतला दैवी भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. राजधानीतला माणूस एकाग्र तयारीसाठी आपल्या डोंगराकडे आला होता.

मधला मार्ग

'रोज नाशिक' आणि 'नाशिक नाहीच' यांच्या मध्ये बरीच जागा आहे. शिकण्याचं शास्त्र पाहता बहुतेक मुलांना तीच सोसते. आठवड्यातून दोन दिवस, त्यातला एक शनिवार किंवा रविवार, नाशिकला जावं. तिथे नवी कसरत गाद्यांवर, आधाराखाली शिकावी आणि चुका समजून घ्याव्यात. उरलेले दोन-तीन दिवस गावातच, आधी येत असलेल्या गोष्टी गिरवाव्यात: अढ्या, आसनं, भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहणं, लटकून ताकद वाढवणं, लवचिकता. नियम एकच: नवी उडी घरी करायची नाही. प्रवास आठवड्याला १२ तासांवरून पाचेक तासांवर येतो, झोप वाचते, आणि सराव थोडा थोडा विभागला जातो, जो शरीराला हवाच असतो.

यासाठी दोन्हीकडच्या शिक्षकांत बोलणं हवं. नाशिकच्या सरांनी काय सांगितलं ते वहीत टिपून गावातल्या सरांना दाखवलं, तर मुलीला दोन ठिकाणी दोन तऱ्हा शिकाव्या लागत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर नातेवाइकांकडे राहून सलग शिबिर करणं हाही चांगला पर्याय आहे. पुढे मूल चौदा-पंधराचं झालं, राज्य पातळीवर टिकू लागलं आणि त्याची स्वतःची ओढ कायम असली, तर रोजच्या प्रवासापेक्षा निवासी प्रशिक्षणाचा विचार करावा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी त्याचसाठी आहेत.

चौकट: निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

• पुढची कसरत शिकायला लागणाऱ्या गाद्या आणि आधार देणारा जाणकार गावात आहे का? नसेल, तर त्या कसरतीसाठी शहर गरजेचं आहे.
• मोठ्या केंद्रात एका बॅचमध्ये मुलाचा नंबर किती वेळा लागतो आणि किती वेळा चूक सुधारली जाते?
• प्रवास धरून झोप पुरते का? बारा वर्षांपर्यंत किमान नऊ तास, त्यानंतर किमान आठ.
• आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्याच्या आत आहेत का?
• छाटणीच्या आणि परीक्षेच्या दिवसांत ने-आण कोण करणार?
• मुलाला स्वतःला जायचं आहे का? महिनाभर जाऊन पाहा, आणि मग पुन्हा विचारा.

प्रवास कुणी करायचा?

शेवटी एक गोष्ट एकेका घरापुरती राहत नाही. समजा दिंडोरी परिसरातल्या १५ मुली आठवड्यातून दोनदा नाशिकला जातात. प्रत्येकीचे पाच तास धरले, तर आठवड्याला ७५ तास रस्त्यात गेले. त्याऐवजी नाशिकचा एक जाणता प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा दिंडोरीला आला, तर प्रवास होतो एकाचाच, पाच तासांचा. पालकांनी ने-आणीचे पैसे एकत्र केले तर त्याचं मानधन निघू शकतं. जाड गाद्यांचा संच एकदाच घ्यायचा असतो. त्यासाठी शाळा, ग्रामस्थ, द्राक्ष उत्पादक आणि लोकप्रतिनिधी यांच्याकडे मागणी करता येते, आणि ती केलीच पाहिजे. ज्यांच्या घरी गाडी नाही, सोबत जाणारं कुणी नाही, त्या मुलीही मग मल्लखांबावर चढतील. आज त्या स्पर्धेत दिसत नाहीत, कारण हा २५ किलोमीटरचा हिशोब त्यांच्या घरी मांडलाच जात नाही. म्हणून येत्या पालकसभेत 'कोण कोण नाशिकला जाणार?' याआधी 'कोणाला इथे बोलावता येईल?' हा प्रश्न विचारू या.